त्याचा पाय कमी पडला नव्हता

आमच्या रेडमंडच्या मराठी मंडळींत गेली दहा वर्षं एक वाक्य फिरतं आहे. ‘पोरगा चांगला होता हो, पण पाय कमी पडला.’ हे वाक्य माझ्या मुलाबद्दल आहे आणि ते धडधडीत खोटं आहे. ते पसरवणारा माणूस मी आहे. मंडळाच्या अंकासाठी यंदा मी प्रवासवर्णन देणार होतो. त्याऐवजी हे देतो आहे. संपादकांनी यातला एकही शब्द गोड करू नये.

निमित्त साधं होतं. नोव्हेंबरातला रविवार, बाहेर आमचा नेहमीचा पाऊस, आणि आम्ही चार-पाच कुटुंबं एका मित्राकडे जमलो होतो. हे मित्र मूळचे पुण्याचे. माझ्याच कंपनीतून माझ्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांना जगातल्या प्रत्येक खेळातलं सगळं कळतं. त्यांच्याकडे भिंतभर टीव्ही आहे. त्यावर अमेरिकन फुटबॉल चालू होता, समोर बटाटेवडे आणि सालसाची वाटी. माझा मुलगा ॲरिझोनातल्या चँडलरहून चार दिवसांसाठी आला होता. तिथे तो एका हायस्कूलमध्ये व्यायामाचा शिक्षक आहे आणि शाळेच्या फुटबॉल संघातल्या किकर मुलांना, म्हणजे चेंडू लाथेने गोलपोस्टमधून पाठवणाऱ्यांना, तयार करतो. वय तेहतीस.

जाहिराती लागल्या तेव्हा पुणेकर म्हणाले, “ऐकलंत का, कॅनडावाले शेवटी ताळ्यावर आले! मैदान शंभर यार्डांचं करणार, गोलपोस्ट मागे नेणार. आता तेवढे तीनाचे चार डाउन केले की झाला फुटबॉल. इतकी वर्षं नुसता अंगणातला खेळ चाललेला, यार.”

सगळे हसले. मी वडा खात होतो. मग ते माझ्या मुलाकडे वळले.

“काय रे, तू जाणार होतास ना तिकडे? बरं झालं नाही गेलास. पोस्ट पुढे होते तेव्हा तुझा पाय पुरला नाही, आता मागे गेल्यावर काय केलं असतंस?”

“नॉट इनफ लेग, काका,” मुलगा चिप्स घेता घेता म्हणाला. हसतच म्हणाला. हे उत्तर त्याचं पाठ झालेलं होतं.

मी बशी टेबलावर आपटली.

“तुम्हाला काय कळतं हो त्यातलं? तिकडची एक तरी मॅच पाहिलीत का आयुष्यात? मैदानात बसून? उणे दहात?”

“अहो, चिडताय कशाला? मी आपलं सहज...”

“सहजच बोलता तुम्ही सगळे. दुसऱ्याच्या खेळाचं वाटोळं करायला तेवढं पुरतं.”

माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती नागपूरची. “काय बोलून राहिले तुम्ही? फुटबॉलवरून कोणी असं भांडते का? बीपीची गोळी घेतली का सकाळची?”

मी थांबलो नाही. वीस मिनिटं बोललो. पुणेकरांनी टीव्हीचा आवाज हळूहळू शून्यावर आणला. मुलगा माझ्याकडे एकटक पाहत होता. कॅनडाच्या फुटबॉल लीगची बाजू घेताना त्याने मला जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडून त्याने ऐकली होती ती फक्त टवाळी.

त्या वीस मिनिटांत मी जे बोललो ते आधी लिहितो, कारण ते मला आजही पटतं.

ज्या संघाच्या हातात चेंडू आहे त्याने ठरावीक प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हा या खेळाचा गाभा. एका प्रयत्नाला डाउन म्हणतात. अमेरिकेत चार डाउन मिळतात, कॅनडात तीन. पुणेकरांना वाटतं, तीन म्हणजे काहीतरी कमी आहे. अहो, चार असले की एक वाया घालवता येतो. गर्दीत डोकं घालायचं, दोन यार्ड मिळवायचे, उठून कपडे झटकायचे. तीनच असले की पहिल्यापासून जिवावर उदार व्हावं लागतं. कबड्डीत आता दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद व्हा, असा नियम आहे. तो आला तेव्हा हेच पुणेकर म्हणाले होते, कबड्डीत जान आली. मग तीच गोष्ट कॅनडात शंभर वर्षं चालली तर ती अंगणातली कशी?

मैदान लांबीला एकशेदहा यार्ड, रुंदीलाही अमेरिकेपेक्षा जास्त. अकराऐवजी बारा खेळाडू. चेंडू हलायच्या आधीच तो झेलणारे खेळाडू धावत सुटलेले असतात, उभ्या रांगेतून दचकून उठत नाहीत. एक खेळ संपला की दुसरा सुरू करायला पंचाच्या खुणेपासून वीस सेकंद. तेही आता वाढवून लांबवणार. ज्याला बिअर आणायला जायचंय त्याने जावं, खेळाने त्याच्यासाठी थांबू नये, असा तो खेळ होता.

आणि तो एक गुण, ज्यावर सगळे हसतात. किक मारलेला चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या पट्ट्यात गेला आणि त्यांना तो बाहेर काढता आला नाही, तर मारणाऱ्याला एक गुण. कबड्डीतल्या बोनससारखा. लोक म्हणतात, चुकलेल्या किकला बक्षीस! तसं नाही. तो गुण समोरच्याला कोंडल्याचा आहे. मात्र चेंडू कुणी न अडवता नुसता मागच्या रेषेबाहेर गेला तरी गुण मिळायचा, तो आता मिळणार नाही. हा एक बदल मला मान्य आहे. हे मी त्या दिवशी बोललो नाही, कारण मी रागात होतो आणि रागात माणूस सोयीचं तेवढंच बोलतो.

पण गोलपोस्ट? ते तिकडे गोलरेषेवरच उभे असतात, अगदी पुढे, खेळाच्या मध्यात. त्यामुळे किकर हा त्या खेळातला महत्त्वाचा माणूस. दोन डाउनमध्ये जमलं नाही की तिसऱ्याला त्याला बोलवायचं, आणि दोनमध्ये बऱ्याचदा जमत नाही. आता ते पोस्ट पंधरा यार्ड मागे नेणार. म्हणे किकऐवजी चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण वाढतील, प्रेक्षक वाढतील. मला यात एकच दिसतं. शेजारचं घर मोठं आहे म्हणून आपलं घर त्याच्यासारखं रंगवायचं आणि वर म्हणायचं, आम्ही सुधारलो. हा प्रकार मी फार जवळून ओळखतो. मी स्वतः तोच केला.

अमेरिकेत येण्याआधी चार वर्षं मी कॅनडात होतो. हे मंडळात फार थोड्यांना माहीत आहे. विचारलं तर ‘मध्ये एका प्रोजेक्टवर होतो’ असं मी सांगत आलो. प्रोजेक्ट कसला! सस्कॅचेवनच्या सपाट गव्हाळ मुलखात एका पोलादी पाइपांच्या कारखान्यात मी वेल्डिंगच्या सांध्याला चिरा आहेत का ते बघत होतो. एम.टेक. माणूस, पाळीवर.

तिथला फोरमन हा माझा पहिला कॅनेडियन मित्र. युक्रेनहून आलेल्या शेतकऱ्यांचा नातू, पंजा एवढा मोठा की त्यात माझं हेल्मेट मावायचं. एका ऑक्टोबरात त्याने मला आणि सात महिन्यांच्या गरोदर बायकोला मॅचला नेलं. तिथल्या लोकांची एक रीत आहे. कलिंगड कोरून पोकळ करतात आणि ते हेल्मेटसारखं डोक्यावर घालून मॅचला येतात. त्याने माझ्यासाठीही एक कोरून आणलं होतं. मी माकडटोपीवर कलिंगड चढवलं. थोड्या वेळाने आतलं पाणी मानेवरून ओघळलं आणि कॉलरला कडक झालं. बायको दोन ब्लँकेटांत गुंडाळलेली, हसून हसून पोट धरून म्हणाली, “आता इथंच होते माझी डिलिव्हरी!” समोर पिवळ्या पडलेल्या गवतावर एका सडपातळ माणसाने वाऱ्याच्या विरुद्ध किक मारली आणि हजारो कलिंगडं एकदम उभी राहिली. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता. त्या गावात मला कुणी विचारलं नव्हतं की तू इथे का. त्यांनी माझ्या डोक्याचं माप घेतलं आणि कलिंगड दिलं.

डिसेंबरात मुलगा झाला. तो अडीच वर्षांचा असताना मला रेडमंडची नोकरी मिळाली, सॉफ्टवेअरच्या चाचणीची. पहिल्याच महिन्यात एका डॉक्टरांच्या घरी जेवायला गेलो. तिथे एक बाई मोठ्या आवाजात म्हणाल्या, “कॅनडातून आलात? म्हणजे इथला व्हिसा मिळेपर्यंत तिकडे बसला होतात!” डॉक्टर म्हणाले, “कॅनडा म्हणजे आपल्या लोकांची वेटिंग रूम.” सगळे हसले, मीही हसलो. त्या जेवणानंतर कॅनडा माझ्या तोंडून गेला. कलिंगडाचा फोटो होता, तो मी आल्बममधून काढून ठेवला. पुढे तर मी त्या देशाची चेष्टा करण्यात सर्वांच्या पुढे असे. जेवायला बसलं की सुरू. तिकडची थंडी, तिकडचे पगार, तिकडचा तीन डाउनचा फुटबॉल. “इथे ज्यांना जमत नाही ते तिकडे खेळतात,” असं मी मुलाला कितीदा सांगितलं असेल. बायको कधीकधी म्हणायची, “पण तुम्हाला तर आवडत होतं.” मी विषय बदलायचो.

मुलगा आधी सॉकर खेळायचा. हायस्कूलच्या फुटबॉल प्रशिक्षकाने त्याचा पाय पाहिला आणि त्याला किकर केलं. किकरला सरावासाठी दुसरा माणूस लागतो. त्याने गुडघा टेकून चेंडू जमिनीवर उभा धरायचा, वरून एक बोट, शिवण समोरच्या बाजूला. तो माणूस मी होतो. शाळेचं मैदान आमच्या घरापासून चालत सहा मिनिटांवर. शनिवारी सकाळी आम्ही जायचो. मी चेंडू धरायचो, तो मारायचा, आणि लांब गेलेला चेंडू आणायला मीच पळायचो. बापलेकाचं बोलणं एरवी फार नव्हतं. तिथे होतं. “थोडा डावीकडे.” “ओके.” “आता बरोबर.” इतकंच, पण होतं. हा मुलगा पुढे डेंटल कॉलेजला जाईल असं मी धरून चाललो होतो. फुटबॉल हा अर्ज भरताना शोभेला.

तो राज्याच्या पूर्व भागातल्या कॉलेजात खेळला. शेवटच्या वर्षाच्या वसंतात त्याला कॅनडातल्या एका संघाच्या माणसाचा फोन आला. त्यांनी त्याचे व्हिडिओ पाहिले होते, पाय आवडला होता. फक्त एकच प्रश्न होता. तो प्रश्न समजायला तिकडचा एक नियम माहीत हवा. प्रत्येक संघात ठरावीक संख्येने कॅनेडियन खेळाडू असावेच लागतात, अमेरिकनांच्या जागा मर्यादित. त्या जागा संघ फेक करणाऱ्यावर, धावणाऱ्यावर खर्च करतात. किकर शक्यतो कॅनेडियनच शोधतात. आणि या मुलाच्या माहितीपत्रकात जन्मस्थान म्हणून तिथल्याच शहराचं नाव होतं. तू कॅनडाचा नागरिक आहेस का, एवढंच त्यांना हवं होतं. असशील तर अमुक तारखेपर्यंत कॅनेडियन म्हणून नाव नोंदवू, मे महिन्यात कॅम्पला ये. नसशील तर जमणार नाही.

मुलाने मला फोन केला. आमच्यासारख्या घरांत कागदपत्रं हे बापाचं खातं असतं. पासपोर्ट, जन्मदाखले, व्हिसाची जुनी पत्रं, सगळं माझ्या लोखंडी पेटीत, प्लॅस्टिकच्या पाकिटांत, वर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या. कुणी ती पेटी उघडत नाही, विचारायचं मला.

“बाबा, ॲम आय कॅनेडियन?”

मी एका क्षणात उत्तर दिलं. “नाही. तू चौदा वर्षांचा असताना आपण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं ना, तेव्हा ते गेलं. माझं भारताचं गेलं तसं.”

हे मी खोटं बोललो नव्हतो. मला तसंच वाटत होतं. आपल्या माणसाला तसंच वाटणार. आपण परका पासपोर्ट घेतला की भारताचा परत करावा लागतो. माझ्या निळ्या पासपोर्टवर रद्द केल्याचा शिक्का बसला, त्या दिवशी मी गाडीत बसून रडलो होतो. एक देश घेतला की एक जातो, हे मी माझ्या हाताने सही करून शिकलेलो. जगात सगळीकडे तसंच असेल हे धरून चाललो. इथपर्यंतची चूक मी स्वतःला माफ करू शकतो.

पण मी चाचणीवाला माणूस. पंचवीस वर्षं मला पगार मिळाला तो गृहीत धरलेलं तपासून बघण्याचा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकावर कॅनडा सरकारचं पान उघडलं. तिथे साध्या भाषेत लिहिलेलं होतं. तिथे जन्मलेल्याचं नागरिकत्व दुसऱ्या देशाचं घेतल्याने जात नाही. सोडायचंच असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो. मी दोनदा वाचलं. मग सरकारी मदतक्रमांकावर फोन लावून विचारलं. बाईने तेच सांगितलं, वर आनंदाने म्हणाली, तुमचा मुलगा जन्मभर आमचा आहे.

नाव नोंदवायच्या मुदतीला अकरा दिवस बाकी होते.

आमच्या कामात एक नियम होता. चूक सापडली की त्याच दिवशी नोंदवायची, स्वतःची असली तरी. मी त्या नियमासाठी कनिष्ठांना भर बैठकीत झापलं आहे. त्या अकरा दिवसांत मी रोज ऑफिसला गेलो, इतरांच्या चुका नोंदवल्या, आणि माझी स्वतःजवळ ठेवली. का ठेवली? डेंटल कॉलेजच्या परीक्षेचा फॉर्म त्याने आधीच भरला होता म्हणून. माझा मुलगा चेंडू लाथाडून पोट भरतो, तेही कॅनडात, हे मंडळात सांगावं लागलं असतं म्हणून. ‘वेटिंग रूम’मध्ये बाप बसला आणि आता पोरगाही, असं कुणीतरी म्हणालंच असतं म्हणून. यात मुलाच्या भल्याचा भाग किती होता ते मी खूपदा तपासलं आहे. फार नव्हता.

मुदत गेली. संघाने दुसरा कुणी घेतला. मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात पुणेकरांनी विचारलं, “काय झालं हो त्या कॅनडाचं?” नागरिकत्वाचं सांगितलं असतं तर कुणीतरी म्हटलं असतं, अहो, ते जात नाही! तिथे दोन वकील बसले होते. म्हणून मी म्हणालो, “पोरगा चांगला आहे, पण पाय कमी पडला.” सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. हळहळ व्यक्त करताना लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हे मला माहीत होतं.

डेंटल कॉलेजलाही तो गेला नाही. एक वर्ष घरी बसला, मग ॲरिझोनाला निघून गेला.

पुणेकरांकडच्या त्या भांडणानंतर दोन दिवसांनी मी त्याला विमानतळावर सोडायला निघालो. पाऊस, वायपर, रहदारी.

“तू परवा काकांना म्हणालास, नॉट इनफ लेग,” मी म्हणालो.

“इट्स अ जोक, बाबा. आणि तू एवढा का चिडलास? काका बिचारे घाबरले.”

“तुला खरंच तसं वाटतं का?”

तो बाहेर बघत होता. “सिटिझनशिपचं ते पोलाइटली बोलले असतील. मी रिअली गुड असतो तर त्यांनी जागा काढली असती. आणि तूपण सगळ्यांना तेच सांगितलंस ना? यू हेल्ड द बॉल. तुला माहीत असणार.”

मी गाडी उजवीकडच्या लेनमध्ये घेतली. “तुझं नागरिकत्व गेलं नव्हतं. आजही गेलेलं नाही. माझी चूक झाली होती.”

“ओके,” तो सावकाश म्हणाला. “तुला कधी कळलं? नाउ?”

“तेव्हाच. दुसऱ्या दिवशी. मुदतीला अकरा दिवस होते.”

त्याने रेडिओ बंद केला. तो आधीच इतका हळू होता की बंद केला नसता तरी चाललं असतं.

“इलेव्हन डेज,” तो म्हणाला. मग, “आईला माहितीये?”

“नाही.”

विमानतळावर पोचल्यावर तो उतरला, मागची बॅग काढली, दार लावलं. मला वाटलं तसाच जाणार. मग खिडकीशी वाकला.

“माझा बर्थ सर्टिफिकेट पाठव. ओरिजिनल. कॉपी नको. आणि त्यांना सांग. सगळ्या काका-काकूंना, ज्यांनी मला दहा वर्षं तो जोक केलाय. मराठीत सांग, म्हणजे कुणी म्हणणार नाही की समजलं नाही.” तो सरळ झाला, पुन्हा वाकला. “अँड डोन्ट मेक इट सॅड, बाबा. आय नो यू. यू विल मेक इट सॅड आणि मग सगळे तुलाच सॉरी म्हणतील.”

म्हणून हे असं लिहिलं आहे. कुणी मला फोन करून ‘जाऊ द्या हो, बापाचं काळीज’ वगैरे म्हणू नये. मी फोन उचलणार नाही. पुणेकरांना मी हे छापायच्या आधी वाचून दाखवलं. ऐकून ते म्हणाले, “अहो, पण आमच्या तोंडी ते वाक्य तुम्हीच घातलंत की.” बरोबर आहे. तरीही दहा वर्षं एका पोराला त्याच्या तोंडावर ते ऐकवताना त्यांना एकदाही संकोच वाटला नाही, हेही बरोबर आहे. मी त्यांना तसं म्हणालो. पुढच्या रविवारी आम्हाला बोलावणं आलं नाही.

जन्मदाखला रजिस्टर्ड टपालाने पाठवला. ‘गॉट इट’ एवढा संदेश आला. त्याचं तो काय करणार आहे ते त्याने सांगितलं नाही. किकरचं वय त्याचं आता गेलं आहे, हे त्यालाही कळतं आणि मलाही. कॅनडात दोन मोसमांनी पोस्ट मागे जातील किंवा आणखी लवकर. जे मैदान त्याच्या पायाला साजलं असतं ते आता राहणारही नाही.

बायकोला मी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं. ती तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. हे लिहून झाल्यावर कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, कलिंगडापाशी थांबली, पुढे गेली. शेवटी कागद खाली ठेवला.

“अकरा दिवस लिहिले तुम्ही,” ती म्हणाली. “त्यातल्या शनिवारी तो घरी आला होता. तुम्ही दोघं मैदानावर गेले होते. मी थर्मास भरून दिला होता चहाचा. ते कुठे आहे यात?”

तिने कागद माझ्यापुढे परत सरकवला.

“तेही लिहा.”

त्या शनिवारी झिमझिम होती आणि मैदानावर धुकं उतरलेलं. पोस्ट दिसत होते, त्यांच्या मागचं काही दिसत नव्हतं. मी ओल्या गवतात गुडघा टेकला आणि चेंडू उभा धरला. पोस्टपासून आम्ही पन्नास यार्डांहून लांब होतो. त्याने मारला, आवाज स्वच्छ आला, चेंडू पोस्टांच्या मधून धुक्यात गेला. मी आणायला पळालो. तो मागच्या तारेच्या कुंपणाला टेकून पडला होता, म्हणजे कुंपण नसतं तर आणखी गेला असता. मी तो उचलून परत आलो. मुलगा हातावर फुंकर मारत वाट बघत होता.

“किती मागे पडला, बाबा?”

“जेमतेम गेला,” मी म्हणालो. “पोस्टच्या पायाशीच पडला होता. याहून लांबून नाही जायचा.”

पाय कमी पडतो, हे मी पहिल्यांदा मंडळात बोललो असं वर सुचवलं आहे, ते दुरुस्त करतो. पहिल्यांदा मी ते त्याला सांगितलं होतं, चेंडू हातात धरून. काल मी पुन्हा त्या मैदानावर गेलो आणि पोस्टपासून कुंपणापर्यंत पावलं मोजली. बावीस आहेत.